कोंडीची लांबी नको, तिच्या शेपटाचा वेग सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर गायमुखाच्या अलीकडे एखादा ट्रक बंद पडला की 'वाहनांच्या लांबच लांब रांगा' ही ओळ दुसऱ्या दिवशी ठरलेली. कधी कधी रांगेचे किलोमीटरही छापून येतात. पण रांगेचे शेपूट सतत सरकत असते. ते ताशी किती किलोमीटरने आणि कुठल्या बाजूला सरकत होते, हे ना बातमीत असते, ना रस्त्यावरच्या फलकावर. जड वाहने कुठे आणि केव्हा थोपवायची, रस्त्याच्या ठाण्याकडच्या टोकाचा कापूरबावडीचा चौक किती वाजता तुंबणार, क्रेन यायला दहा मिनिटे उशीर झाला तर काय किंमत पडते, हे सगळे त्या एका आकड्यावर अवलंबून असते. आणि तो काढायला महागडी यंत्रणा लागत नाही, म्हणून हे सविस्तर पत्र.

गणित जुने आहे. १९५५ साली लाइटहिल आणि व्हिटॅम यांनी, आणि पुढच्याच वर्षी रिचर्ड्स यांनी स्वतंत्रपणे, रस्त्यावरच्या वाहनांना वाहत्या द्रवासारखे धरून समीकरण मांडले. त्याचा गाभा किराणा दुकानाच्या वहीइतका साधा आहे: रस्त्याच्या एखाद्या तुकड्यात जेवढी वाहने शिरली त्यातून बाहेर पडलेली वजा केली की उरतील तेवढी आत साठली. वाहन हवेत विरत नाही. हा अक्षय्यतेचा नियम झाला. त्यात एक गृहीतक घालायचे, की दर तासाला किती वाहने पुढे सरकतात हे एका किलोमीटरमध्ये किती वाहने आहेत त्यावर ठरते. पहिला आकडा प्रवाह, दुसरा घनता. एवढ्यावर जे समीकरण तयार होते त्याला हायपरबोलिक म्हणतात. याचा व्यवहारातला अर्थ असा की बातमीला पाय असतात. गायमुखाला काय झाले ते कापूरबावडीच्या गाडीला त्याच क्षणी कळत नाही. ती खबर ठरावीक वेगाने रस्त्यावरून चालत येते. रस्ता मोकळा असताना खबर वाहनांबरोबर पुढे जाते. घनता एका मर्यादेपलीकडे गेली की वाहने पुढेच जात असतात, पण खबर उलटी, मागे यायला लागते.

मोकळ्या रस्त्यावरून आलेली वाहने साठलेल्या वाहनांना जिथे भिडतात तिथे घनता एकदम उडी घेते. ती उडी म्हणजे शॉक वेव्ह. तिचा वेग काढण्याचा नियम रँकिन आणि ह्युगोनिओ यांनी एकोणिसाव्या शतकात वायूंसाठी दिला, तोच इथे लागू पडतो: दोन्ही बाजूंच्या प्रवाहांतला फरक भागिले घनतांमधला फरक.

आता आकडे घेऊ. ते समजावण्यासाठी धरलेले आहेत, घोडबंदरची मोजणी म्हणून वाचू नयेत. मोजमाप पीसीयूत (पॅसेंजर कार युनिट) आहे, म्हणजे एक मोटार एक धरून बाकीची वाहने तिच्या पटीत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या जुन्या कोष्टकात ट्रक किंवा बसला ३ आणि ट्रेलरला ४.५ धरतात. एका मार्गिकेतून तासाला जास्तीत जास्त १८०० पीसीयू जातात, मोकळा वेग ताशी ६० किलोमीटर, आणि पूर्ण ठप्प अवस्थेत किलोमीटरला १४० पीसीयू बसतात असे समजा. म्हणजे तीन मार्गिकांची क्षमता ५४००, ठप्प घनता ४२०, आणि प्रवाह सर्वाधिक असतो तेव्हाची घनता ९०. या तीन आकड्यांवरून मागे येणाऱ्या खबरेचा वेग निघतो: ५४०० भागिले ३३०, म्हणजे ताशी सुमारे १६.४ किलोमीटर.

सकाळी ताशी ४५०० पीसीयू येत आहेत. मोकळ्या वेगाला त्यांची घनता ७५ होते. एक ट्रक बंद पडला, एक मार्गिका गेली. कागदावर ३६०० उरतात, पण लोक वेग कमी करून बघतात, कडेने वळतात, म्हणून ३००० धरू. ट्रकच्या मागे साठलेल्या भागाची घनता (४२० वजा, ३००० भागिले १६.४) येते २३७. तर शॉकचा वेग १५०० भागिले १६२, म्हणजे ताशी सुमारे ९.३ किलोमीटर, मागच्या दिशेने. वीस मिनिटांत शेपूट ३.१ किलोमीटर मागे आले.

पुढची गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. वीस मिनिटांनी ट्रक हटवला, तरी त्या क्षणी शेपूट थांबत नाही. सुटकेची लाट, म्हणजे वाहने पुन्हा धावू लागल्याची खबर, ट्रकच्या जागेवरून ताशी १६.४ च्या वेगाने मागे निघते, शेपूट ९.३ च्या वेगाने तिच्यापुढे पळत असते, आणि गाठ पडायला आणखी २६ मिनिटे लागतात. तोवर शेपूट ७.१ किलोमीटरवर, म्हणजे ओवळा, कासारवडवली मागे टाकून वाघबीळच्या पुढे गेलेले असते. मागच्या टोकाला नव्याने अडकलेल्या माणसाला ट्रक दिसतच नाही. तो पुढे जातो तेव्हा रस्ता स्वच्छ असतो, आणि 'काही कारण नसताना कोंडी होती' अशी तक्रार तो प्रामाणिकपणे करतो.

विलंब वेळेच्या वर्गाने वाढतो, हे क्रेनच्या कंत्राटाचे निकष ठरवणाऱ्यांनी पाहायला हवे. वरच्या उदाहरणात वीस मिनिटांत ५०० पीसीयू साठतात, सुटल्यावर तासाला ९०० या दराने निचरा होतो, म्हणून एकूण वाया गेलेला वेळ २२२ पीसीयू-तास. तोच ट्रक दहा मिनिटांत हटवला तर ५६. निम्मा वेळ, पाव नुकसान. वाहने वाढल्याचा दोष देण्याआधी हा हिशेब करावा.

अर्थात हाही हिशेब सौम्य बाजूचा आहे, कारण त्यात सुटलेली वाहतूक लगेच पूर्ण क्षमतेने धावते असे धरले. प्रत्यक्षात एकदा कोंडी बसली की तिच्या तोंडातून निघणारा प्रवाह मोकळ्या रस्त्याच्या कमाल प्रवाहापेक्षा कमी भरतो. निरनिराळ्या देशांतल्या महामार्गांवरच्या मोजण्यांत ही घट साधारण पाच ते पंधरा टक्के आढळते. कारण साधे आहे: थांबलेले वाहन वेग घेताना पुढच्यापासून मागे राहते आणि मध्ये रिकामी जागा पडते. भरलेला ट्रेलर चढावर असेल तर ती जागा आणखी मोठी. दहा टक्के घट धरा. ५४०० च्या जागी ४८६० बाहेर पडतील आणि येणाऱ्या ४५०० वर फक्त ३६० ची शिल्लक राहील. ३३ मिनिटांत उपसणारी रांग आता ८३ मिनिटे घेते, आणि २२२ चे ४३० होतात. क्षमता दहा टक्क्यांनी उतरली, नुकसान जवळजवळ दुप्पट झाले.

इथे नुसती शॉक वेव्ह पुरत नाही, अवस्थांतर मानावे लागते, पाणी आणि वाफ यांच्यासारखे. मोकळ्या रस्त्यावर प्रवाह आणि घनता यांचे बिंदू आलेखावर एका रेषेत बसतात. कोंडीतले बिंदू मात्र ढगासारखे पसरतात. एकाच घनतेला वेगवेगळे प्रवाह मिळतात. २००२ साली कोलंबो यांनी म्हणूनच दोन अवस्थांचे प्रतिमान (गणिती मॉडेल) मांडले: मोकळ्या अवस्थेत एकच चल, कोंडीच्या अवस्थेत दोन, आणि मधली सीमारेषा स्वतः चालती. त्या सीमेवरही वाहनांची बेरीज-वजाबाकी जुळलीच पाहिजे, तिथे सूट नाही. दोन चलांची समीकरणे लिहिताना जुन्या मंडळींची एक फजिती झाली होती. त्यांच्या प्रतिमानात खबर वाहनापेक्षा वेगाने पुढे जाई, म्हणजे मागच्या गाडीने पुढच्या गाडीला ढकलावे तसे. काही परिस्थितीत वाहनांचा वेग उणे यायचा, गाड्या उलट्या धावायच्या. डॅगान्झो यांनी १९९५ मध्ये त्यावर झोड उठवली आणि २००० साली ऑ आणि रॅस्कल यांनी ते दुरुस्त केले. तरीही विकत मिळणारे प्रतिमान त्या जुन्या सदोष प्रकारचे आहे की दुरुस्त केलेले, हे निविदेत विचारलेले बरे.

काहीही बंद न पडता कोंडी कशी होते, याचे उत्तर जपानी संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले. २३० मीटर परिघाच्या वर्तुळावर २२ मोटारी सारख्या वेगाने चालवायला सांगितल्या. ना सिग्नल, ना वळण, ना खड्डा. थोड्या वेळात एक थांबलेला पुंजका आपोआप तयार झाला आणि ताशी सुमारे २० किलोमीटरने मागे सरकू लागला. घनता नाजूक टप्प्यात असताना एकाने मारलेला ब्रेक मागच्याच्या प्रतिसादाच्या विलंबामुळे वाढत जातो. घोडबंदरवर एवढ्यालाच थांबायची वेळ येत नाही, ती चैन आपल्याकडे नाही. पण मेट्रोच्या खांबांशेजारी बॅरिकेड अर्धा मीटर पुढे सरकले तरी काय घडू शकते ते यावरून कळावे.

सिग्नल हिरवा झाल्यावर हॉर्न वाजवणाऱ्यांसाठी एक ओळ. घनतेची उडी एकाच दिशेने टिकते. पातळ प्रवाह दाट प्रवाहावर आदळतो तेव्हा शॉक बनतो; दाट वाहनांपुढे मोकळा रस्ता मिळाला की उडी विरघळून पंख्यासारखी पसरते. हिशेब जुळतो म्हणून कोणतीही उडी खरी मानायची नाही, दोन्ही बाजूंची खबर उडीत शिरत असेल तरच ती खरी, हा निकष पीटर लॅक्स यांनी १९५७ मध्ये दिला. त्यांना २००५ चे आबेल पारितोषिक मिळाले. आपल्या आकड्यांत सुटकेची लाट सेकंदाला साडेचार मीटर मागे जाते आणि एका गाडीची जागा सात मीटर, म्हणून प्रत्येक गाडीमागे सुमारे दीड सेकंद. रांगेतली शंभरावी मोटार अडीच मिनिटांनंतरच हलणार. हॉर्नने तो वेग बदलत नाही.

आता जड वाहने थोपवण्याबद्दल. उरणच्या बंदराकडून गुजरातकडे जाणारे ट्रेलर याच रस्त्याने जातात, त्यामुळे कोंडी झाली की त्यांना मागे अडवण्याचा आदेश निघतो. कल्पना बरोबर, वेळ बहुधा चुकते. वरच्या उदाहरणात शेपूट जागीच थांबवायचे तर येणारा प्रवाह ४५०० वरून ३००० वर आणावा लागतो. पण रोखण्याची खबरही वाहनांच्याच वेगाने पुढे पोचते. ट्रकच्या मागे दहा किलोमीटरवर अडवणूक केली आणि ती पाचव्या मिनिटाला सुरू झाली, तर तिचा परिणाम तेराव्या मिनिटाला शेपटाला भेटतो आणि शेपूट दोन किलोमीटरवर थबकते. तीच अडवणूक पंधराव्या मिनिटाला सुरू केली तर परिणाम पोचतो जवळजवळ बाविसाव्या मिनिटाला, तेव्हा ट्रक हटून दोन मिनिटे झालेली असतात. मग आपण नाहक एक दुसरी रांग तयार केलेली असते. शिवाय वीस मिनिटे १५०० चा दर रोखायचा म्हणजे ५०० पीसीयू, तीनच्या हिशेबाने सुमारे १६५ ट्रक. ते एका रांगेत पंधरा-पंधरा मीटर धरून उभे केले तर अडीच किलोमीटरची भिंत होते. रस्त्याच्या कडेला ती उभी केली की मार्गिका तिथेच गेली, म्हणजे नवी अडचण आपणच निर्माण केली. बंदिस्त वाहनतळ आधी, आदेश नंतर.

कापूरबावडी आणि माजिवड्याला हे सगळ्यात महाग पडते. शेपूट चौकात शिरले की नाशिककडे किंवा भिवंडीकडे जाणारे, ज्यांचा घोडबंदरशी संबंध नाही, तेही अडकतात. म्हणून शेपूट चौकापासून दोन किलोमीटरवर असतानाच, ताशी ९.३ च्या वेगाने उरलेली तेरा मिनिटे मोजून, चौकातला घोडबंदरचा हिरवा वेळ कापायला हवा. शेपूट डोळ्यांनी दिसल्यावर कापून उपयोग नाही.

सेवा रस्ते मुख्य रस्त्यात मिळवून रुंदी वाढवण्याबद्दल दोन्ही बाजूंनी तावातावाने बोलले जाते. गणित दोघांनाही थोडे थोडे बरोबर ठरवते. गायमुखापुढे घाटात रस्ता अरुंदच राहणार असेल तर अलीकडे चौथी मार्गिका दिल्याने बाहेर पडणारा प्रवाह तसूभरही वाढत नाही. विलंब तोच राहतो. पण साठवण वाढते. आपल्याच उदाहरणात चार मार्गिका घेतल्या तर साठलेल्या भागाची घनता ३७७ होते आणि शेपटाचा वेग ताशी ९.३ वरून ५ वर येतो. रांगेतल्या माणसाचा वेळ वाचत नाही, कापूरबावडीचा चौक वाचतो. जिथे रस्त्याची क्षमता एकाएकी बदलते, तिथे समीकरणाचा प्रवाहच तुटक असतो आणि कोणते उत्तर खरे मानायचे हा प्रश्न नाजूक होतो. या विषयात बंगळूरच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या केंद्रातल्या आदिमूर्ती आणि वीरप्पा गौडा यांचे काम जगभर वापरले जाते. ते वाचायला परदेशी सल्लागार लागत नाही.

जाता जाता, हेच गणित आपल्या जलवाहिन्यांतही आहे आणि तिथले अवस्थांतर उपमेपुरते नाही, खरेच आहे. पोलादी वाहिनीत दाबाची लाट सेकंदाला सुमारे हजार मीटर धावते. सेकंदाला दीड मीटरने वाहणारे पाणी एकाएकी थांबवले तर झुकॉव्हस्की यांच्या १८९८ च्या सूत्राप्रमाणे दाब सुमारे १५ बार उसळतो, म्हणजे दीडशे मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका. वीज जाऊन पंप थांबला की उलट होते. पंपाच्या पुढे दाब कोसळतो, वाहिनीच्या उंचवट्यावर तो ०.०४ बारच्या आसपास आला की ३० अंश तापमानालाच पाणी उकळते, वाफेची पोकळी बनते, आणि पाणी परत येऊन ती मिटते तेव्हा दणका बसतो. द्रव आणि वाफ यांच्या मधल्या पट्ट्यात समीकरण हायपरबोलिकही राहत नाही. ध्वनिवेगाचा वर्ग उणे येतो, म्हणजे खबरेला खरा वेगच उरत नाही. द्रव आणि वाफ यांच्या सीमेत शिरणाऱ्या खबरा शॉकमध्ये शिरतात त्यापेक्षा एकाने कमी पडतात, म्हणून नुसत्या अक्षय्यतेने एकच उत्तर मिळत नाही, पोकळी किती वेगाने वाढते याचा आणखी एक नियम बाहेरून पुरवावा लागतो. तो न पुरवता केलेली आकडेमोड दिसायला सुबक आणि दणक्याच्या बाबतीत निरुपयोगी असते. उपाय मात्र गावठी म्हणावेत इतके साधे आहेत: उंचवट्यांवर चालू स्थितीतले हवेचे व्हॉल्व्ह, आणि पाच किलोमीटरच्या वाहिनीवरचा झडपदांडा दहा सेकंदांपेक्षा बराच सावकाश फिरवणे, कारण लाट जाऊन परतायला तेवढा वेळ लागतो.

परत रस्त्यावर. ही आकडेमोड साध्या लॅपटॉपवर होते. दहा किलोमीटरचे शंभर मीटरचे शंभर तुकडे करा. प्रत्येक पाच सेकंदांनी, मागचा तुकडा किती देऊ शकतो आणि पुढचा किती घेऊ शकतो यांतले जे कमी तेवढी वाहने सरकवा. पाच सेकंद हा आकडा मनाने घेतलेला नाही: ताशी ६० ने शंभर मीटर जायला सहा सेकंद लागतात, आणि पायरी त्याहून मोठी घेतली तर खबर एका पायरीत तुकडा ओलांडून पळते, उत्तर वेडेवाकडे होते. दुसरी चूक म्हणजे वाहनांच्या संख्येऐवजी वेगाचे समीकरण सोडवणे. सपाट भागात उत्तर बरोबर दिसते, शॉकचा वेग मात्र चुकतो, आणि आपल्याला नेमका तोच हवा असतो. तिसरी चूक मोजणीतली आहे. एका जागी उभे राहून मोजलेल्या वेगांची साधी सरासरी घेऊन त्याने प्रवाहाला भागतात. निम्मी वाहने ६० ने आणि निम्मी २० ने जात असतील तर साधी सरासरी ४० येते, पण घनतेसाठी योग्य सरासरी ३० आहे. तासाला ३००० वाहने असतील तर घनता १०० ऐवजी ७५ निघते आणि कोंडी कागदावर पाव भागाने पातळ होते. मोबाइलच्या नकाशावरचा लाल रंग तर नुसता वेग सांगतो. त्यातून घनता निघत नाही.

दुचाकींमुळे हे सगळे थोडे सैल पडते, हे मान्य. त्या फटींतून पुढे जातात आणि शॉकची धार बोथट करतात. त्यांच्यासाठी वेगळा प्रवाह धरावा लागतो, पण शेपटाच्या वेगाचा अंदाज त्याने बिघडत नाही, कारण रस्त्याची जागा अडवतात ट्रक आणि मोटारी.

आपल्या वार्ताहरांकडून अपेक्षा एवढीच. 'पाच किलोमीटरच्या रांगा' लिहिताना रांगेचे शेपूट कुठे होते ते दोन वेळांसह द्यावे: सव्वाआठला ओवळा, आठ पस्तीसला कासारवडवलीच्या पुढे, अशा प्रकारे. आणि ट्रक बंद पडला किती वाजता, हटवला किती वाजता, हे मिनिटांत छापावे. बाकीचा हिशेब वाचक करतील.

आपला,
एक वाचक, ठाणे (पश्चिम)